खिशातले हजार रुपये घालून अण्णासाहेब कर्वेंनी अनाथ बालिकाश्रम काढला, पण त्याची किंमत घरच्यांनीही मोजली

पुण्याच्या कर्वेनगरला ज्यांचं नाव मिळालं ते महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणजे भारतरत्न, महिला विद्यापीठाचे संस्थापक. एवढं आपल्याला माहीत असतं. पण सुरुवातीला या माणसाकडे होती फक्त मास्तरकीची नोकरी.

१८९१ पासून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. त्याच वर्षी पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. याच पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. लग्नाची बातमी कोकणात पोचली आणि मुरूड गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं.

१४ जून १८९६ ला त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. अध्यक्ष झाले डॉ. रा. गो. भांडारकर. इथे 'अनाथ' म्हणजे फक्त आईबाप गेलेली मुलगी नाही. जिचा आधार गेला ती अनाथ, आणि त्या काळात तशा सगळ्यात जास्त होत्या बालविधवा.

आता प्रश्न पैशाचा. कर्व्यांनी आपल्या शिलकीतले १००० रुपये दिले. कॉलेजला सुट्टी लागली की ते वर्गणी मागत गावोगाव फिरायचे. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले. १९०० साली पुण्यात प्लेग असताना आश्रम तिथल्या एका झोपडीत हलला. कॉलेज सुटलं की कर्वे पुण्याहून चालत हिंगणे गाठायचे, मुलींना शिकवायचे आणि सकाळी परत कॉलेजात हजर.

पण देणगीला अट असते, ती कागदावर नसली तरी. पुनर्विवाहाचं नाव काढलं की लोक मुलीही पाठवणार नाहीत आणि पैसेही देणार नाहीत, हे त्यांना कळत होतं. म्हणून आश्रमाचं काम फक्त शिक्षण, असं त्यांनी ठरवलं. स्वतः विधवेशी लग्न केलेल्या माणसाने घातलेली ही मुरड होती.

पुढे आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाच्या नावे केली. उद्या काही झालं तर पोरांचं काय, ही काळजी बायांच्या वाट्याला आली. त्यांनी घर ओढलं आणि नवऱ्यावरची नाराजी लपवलीही नाही.

तरी हेच घर आश्रमासाठी उभं राहिलं. बायांच्या विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात शिकल्या. मग वर्गणीसाठी देशभर फिरल्या, थेट अमेरिकेपर्यंत गेल्या.

१९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाखांची देणगी जाहीर केली. हजार रुपयांच्या शिलकीपासून इथपर्यंत यायला २४ वर्षं लागली. आज त्याच हिंगण्याच्या जागेत महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था उभी आहे.