विश्लेषण : गाण्याला तिकीट लावणारे पलुसकर कर्जात का बुडाले?

पूर्णा : मोठ्या गायकाची कॉन्सर्ट जाहीर झाली की मोबाइलवर तिकीट काढायचे आणि पूर्णा जंक्शनवरून रेल्वेने मुंबई गाठायची, यात आज कुणाला नवल वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र तिकीट काढून शास्त्रीय गाणे ऐकायचे, ही कल्पनाच लोकांना नवी होती. ती रुजवण्यात पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा मोठा वाटा आहे. ते गायक होते, शिक्षक होते, प्रकाशक होते आणि स्वतःच्या मैफलींचे आयोजकही होते. तरीही त्यांनी मुंबईत उभारलेली इमारत कर्जापायी लिलावात गेली. असे का झाले?

पलुसकर कोण होते?

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुसकर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. लहानपणी फटाक्याच्या स्फोटात विष्णूच्या डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी बरीचशी गेली. शाळेचे शिक्षण पुढे नेणे कठीण झाले, म्हणून गाण्याचा मार्ग निवडला गेला. मिरज संस्थानच्या आश्रयाने पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांची तालीम सुरू झाली. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात आणणारे हेच बाळकृष्णबुवा.

तेव्हा गवयांचे पोट कशावर चालायचे?

राजेरजवाड्यांच्या मर्जीवर. संगीत नाटकांना तिकीट होते, पण रागदारीची मैफल दरबारात, देवळात किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच होत असे. कलेला दाद मिळायची, कलाकाराला समाजात मान मिळेलच असे नव्हते. मिरजेतील एका समारंभाला पलुसकरांना बोलावणे आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही आणि हे त्यांच्या मनाला फार लागले, असे सांगितले जाते. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडले. राजाश्रयाऐवजी लोकाश्रयावर गाणे जगवायचे, हेच पुढे त्यांचे काम ठरले.

तिकिटाची मैफल कुठे झाली?

सातारा, बडोदा, ग्वाल्हेर असा प्रवास करत ते सौराष्ट्रात पोहोचले. तिथे त्यांनी नाममात्र तिकीट लावून जाहीर मैफल केली. शास्त्रीय संगीताच्या अशा सर्वांत आधीच्या जाहीर कार्यक्रमांत तिची गणना होते. दरबारात कुणाला बसवायचे हे राजा ठरवायचा. इथे पैसे भरणारा कुणीही बसू शकत होता.

रेल्वेचे जाळे वाढत होते, तोच हा काळ. पूर्णा ज्या मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आहे, तो मार्गही १९०० च्या सुमारास सुरू झाला. गावोगावी फिरून गाणे आणि त्यावर पैसा उभा करणे रेल्वेमुळे सोपे होत गेले.

लाहोरमध्ये काय घडले?

५ मे १९०१ रोजी पलुसकरांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ही संस्था संस्थानिकाच्या तिजोरीवर नव्हे, तर देणग्या, फी आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणार होती. अभ्यासक्रम ठरलेला, वर्ग ठरलेले, परीक्षाही ठरलेल्या. गाणे लिहून ठेवण्यासाठी पलुसकरांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, क्रमिक पुस्तके छापली, मासिक काढले. छापखाना आणि वाद्यांचा कारखानाही संस्थेच्या जोडीला होता. मुलींनाही शिकण्याची सोय झाली. पुढे शिक्षक होणाऱ्या शिष्यांच्या राहण्या-जेवणाचा भार संस्था उचलत असे.

आजच्या भाषेत सांगायचे तर कलाकार, कार्यक्रम, पुस्तके, वाद्ये आणि प्रशिक्षण हे सगळे एकाच छताखाली होते.

मुंबईत गणित कुठे चुकले?

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि हळूहळू तेच मुख्य केंद्र बनले. संस्थेची स्वतःची इमारत असावी म्हणून पलुसकरांनी कर्ज काढले. पण मोठा पैसा येणार कुठून? फी थोडी, शिष्यांचा खर्च मोठा. सगळी भिस्त पलुसकरांच्या दौऱ्यांवर. ते गात राहतील, तोवर हप्ते फिटतील, असा हा हिशेब होता.

पुढे त्यांचा ओढा रामभक्तीकडे वाढला. १९२२ मध्ये त्यांनी नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापन केला. कर्ज मात्र फिटले नव्हते. अखेर १९२४ मध्ये मुंबईची इमारत लिलावात गेली. लोकाश्रयाची कल्पना चुकीची नव्हती. तिचा सगळा भार एकाच गळ्यावर होता, ही खरी अडचण होती.

मग उरले काय?

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत पलुसकरांचे निधन झाले. त्यांच्या बारा अपत्यांपैकी एकटे दत्तात्रेय जगले होते. वडील गेले तेव्हा ते अवघे दहा वर्षांचे होते. हेच पुढे पं. डी. व्ही. पलुसकर म्हणून गाजले.

इमारत गेली तरी तयार झालेली माणसे होती. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढले. बी. आर. देवधरांनी मुंबईत, तर ओंकारनाथ ठाकूर यांनी बनारस हिंदू विद्यापीठात संगीत शिक्षणाचे काम उभे केले. गुरूने एकट्याने पेललेले ओझे आता अनेक खांद्यांवर वाटले गेले.

मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा आजही होतात. पूर्णा किंवा परभणीतला एखादा विद्यार्थी प्रवेशिकेचा फॉर्म भरतो, तेव्हा तो कुठल्याही राजाच्या मर्जीवर नव्हे, तर स्वतः भरलेल्या फीवर गाणे शिकत असतो. पलुसकरांना लाहोरमध्ये हेच करून दाखवायचे होते.