नास्तिक कोणाला म्हणावे? चार्ल्स ब्रॅडलॉ यांची जीवनकथा



चाळीत, कामावर, शेजारपाजारी आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. तुम्ही बौद्ध म्हणजे नास्तिकच ना? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव, की नास्तिक म्हणजे ना नीती, ना धरबंद! पण या शब्दाचा अर्थ ठरवायचा कुणी? या प्रश्नापायी इंग्लंडमधला एक गरिबाचा पोरगा जन्मभर झुंजला. त्याची ही कथा.

चार्ल्स ब्रॅडलॉ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी लंडनमध्ये झाला. वडील वकिलाकडे कारकून. अकराव्या वर्षी शाळा सुटली. चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवताना बायबलमधला मजकूर आणि चर्चची तत्त्वे जुळेनात, म्हणून त्यांनी पाद्रीसाहेबांना शंका विचारली. एवढ्यावरून पोरगा नास्तिक ठरला! घर सुटले. थॉमस पेन यांचे पुस्तक छापल्याबद्दल तुरुंग भोगलेले रिचर्ड कार्लाइल तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या सहचारिणीने या पोराला आसरा दिला. याच पेन यांचे मानवी हक्कांवरचे पुस्तक आपल्या जोतिबा फुल्यांनी वाचले होते.

पुढे ब्रॅडलॉ काही वर्षे लष्करात, मग वकिलाकडे कारकून. कायदा ते स्वतःच शिकले. १८६६ साली त्यांनी नॅशनल सेक्युलर सोसायटी काढली.

१८६४ च्या सुमारास त्यांनी नास्तिकतेची बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली. त्यांचे म्हणणे सरळ होते. नास्तिक म्हणजे देव नाही असे छातीठोक सांगणारा नव्हे. देव या शब्दाने तुम्हाला काय म्हणायचे आहे ते आधी सांगा. अर्थच कळत नाही ते नाकारू तरी कसे? मात्र तुम्ही देवाचे जे वर्णन कराल ते बुद्धीला पटले नाही, तर तो देव आम्ही नाकारू.

त्यांचे ज्येष्ठ सहकारी होलिओक यांना हा शब्दच नको होता. नास्तिक म्हटले की माणसे बिथरतात, इहवाद पुरे, असे त्यांचे मत. ब्रॅडलॉ म्हणत, इहवादाची वाट शेवटी नास्तिकतेलाच जाते. १८७० मध्ये दोघांचा जाहीर वादविवाद झाला. तो प्रश्न आजही मिटलेला नाही.

१८८० साली नॉर्दम्प्टन या बूट बनवणाऱ्या कामगारांच्या गावाने त्यांना पार्लमेंटात धाडले. देवाच्या शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या, ही त्यांची मागणी फेटाळली. बरे, शपथ घेतो म्हणाले, तर नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय, म्हणून तीही घेऊ देईनात! एक रात्र घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडले. मतदारांनी त्यांना पुन्हा चार वेळा निवडून दिले, तेव्हा १८८६ मध्ये जागा मिळाली. १८८८ साली त्यांनीच प्रतिज्ञेचा कायदा करून घेतला. समाजवाद मात्र त्यांना पटला नाही. तिथे आमचे त्यांच्याशी जमत नाही.

१८८९ च्या डिसेंबरात ते आपल्या मुंबईत काँग्रेसच्या अधिवेशनाला आले होते. ३० जानेवारी १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना अडवणारा जुना ठराव पार्लमेंटाने तीनच दिवस आधी रद्द केला होता. ते बेशुद्ध होते, त्यांना तो कळलाही नाही. अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारे तरुण गांधी हजर होते.

बांधवहो, हा विचार आपल्याला परका नाही. तेविज्ज सुत्तात भगवान बुद्ध ब्राह्मण तरुणांना विचारतात, की ज्याला कुणी पाहिले नाही त्या ब्रह्माकडे जायची वाट तुम्ही कशी दाखवता? जिचे नाव, गाव, रूप माहीत नाही अशा सुंदरीवर प्रेम करणाऱ्या माणसासारखेच हे झाले! आणि मनुस्मृतीने नास्तिक कोणाला म्हटले? वेदांची निंदा करणाऱ्याला. ती मनुस्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली. आपल्या संविधानात ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, दोन्ही वाटा खुल्या आहेत.

तेव्हा पोरांना कुणी नास्तिक म्हणून हिणवले, तर मान खाली घालू नका. आधी विचारा, तुमच्या लेखी नास्तिक म्हणजे कोण? आणि आपले पंचशील आचरणातून दाखवा.

नमो बुद्धाय! जय भीम!