मूळ अवयवांनी पदवी मिळवून दिली : श्रीनिवास रामानुजन

लसावि आला की मूळ अवयव पाडा, पूर्ण वर्ग आला की पुन्हा पाडा. मुलं कंटाळतात. अशा वेळी रामानुजन यांची गोष्ट जरूर सांगा.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तमिळनाडूतील इरोड येथे झाला. बालपण कुंभकोणमला गेले. वडील कापड दुकानात कारकून, घरची परिस्थिती बेताची. कागद परवडत नसे, म्हणून पाटीवर गणित सोडवायचे आणि कोपराने पुसायचे. गणितात इतके रमले की बाकीचे विषय मागे पडले. कॉलेजात नापास झाले, शिष्यवृत्ती गेली. दुसऱ्या कॉलेजातही तेच झाले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपये पगारावर कारकून म्हणून लागले. १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पत्रातून आपली सूत्रे पाठवली आणि १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले.

१९१५ साली त्यांचा एक मोठा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता, आपल्याहून लहान सर्व संख्यांपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्या. उदा. १२ ला ६ विभाजक आहेत. १ ते ११ मध्ये इतके कुणालाच नाहीत.

तशीच एक संख्या २५२०, म्हणजे १ ते १० या संख्यांचा लसावि.

२५२० = २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ७

प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा आला त्यात १ मिळवा आणि गुणाकार करा : ४ × ३ × २ × २ = ४८ विभाजक!

पूर्ण वर्गात मात्र प्रत्येक अवयवाची जोडी लागते. इथे एक २, ५ आणि ७ एकटे राहिले. म्हणून ७० ने गुणा. उत्तर १७६४००, म्हणजे ४२० चा वर्ग.

रामानुजन यांनी सिद्ध केले की अशा संख्यांमध्ये ४ आणि ३६ सोडून सर्वांत मोठा मूळ अवयव एकदाच येतो. त्याला जोडीदारच नाही! म्हणून ३६ च्या पुढे अशी एकही संख्या पूर्ण वर्ग नाही.

याच कामावर १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना बी.ए. पदवी दिली. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पण तब्येत ढासळली होती. १९१९ मध्ये ते भारतात परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी गेले.

एका विषयात पुढे आणि बाकी विषयांत मागे असलेलं मूल आपल्याही वर्गात असतं. त्याचं प्रगतिपुस्तक भरताना त्याची पाटीही एकदा बघूया. आणि उद्या फळ्यावर ३६० लिहा : विभाजक किती, आणि कितीने गुणले की पूर्ण वर्ग होईल?