बियाण्याचा पारखी : डॉ. पांडुरंग खानखोजे

सुगीचे दिवस आले, की नांदेड-लातूरकडील जाणता शेतकरी मळणीपूर्वी एक काम न चुकता करीत असे. ज्वारीच्या राशीतून तो टपोऱ्या दाण्यांची कणसे निवडून काढी आणि पुढील पेरणीच्या बियाण्यासाठी जपून ठेवी. दरवर्षी चांगल्यातून चांगले निवडावे, तेच पेरावे, पुन्हा निवडावे; अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या पीक सुधारत जाते. साध्या दिसणाऱ्या या रीतीला शास्त्राची जोड देऊन एका मराठी माणसाने दूरदेशी मोठी कीर्ती मिळविली. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे यांचा जन्म १८८४ मध्ये वर्धा येथे झाला. देश परतंत्र होता आणि लोकमान्य टिळकांच्या विचारांनी तरुणांची मने पेटली होती. देश स्वतंत्र करावयाचा तर सैनिकी शिक्षण हवे, असे पांडुरंगांच्या मनाने घेतले. ते शिक्षण येथे मिळणे शक्य नव्हते. म्हणून १९०६ च्या सुमारास त्यांनी घर सोडले आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. तेथे त्यांनी पोटासाठी कष्टाची कामे केली, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका सैनिकी शाळेत शिक्षण घेतले आणि त्याचबरोबर कृषिशास्त्राचाही अभ्यास केला. एका हाती शस्त्र आणि दुसऱ्या हाती नांगर, असाच जणू त्यांचा संकल्प होता.

पुढे ते गदर चळवळीत सामील झाले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांनी इराणच्या भूमीवरून इंग्रजांविरुद्ध लढा दिला. तेथे ते पकडले गेले. परंतु मोठ्या शिताफीने निसटले. युद्ध संपले, बेत फसले आणि मायदेशाचे दार बंद झाले. दुसरा एखादा माणस अशा वेळी खचून गेला असता. खानखोजे मात्र १९२४ मध्ये मेक्सिको देशात गेले आणि तेथील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापन करू लागले.

मेक्सिकोतील गरिबांचे मुख्य अन्न मका. तेथील शेतकरीही पावसाची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसणारा, आपल्या मराठवाड्यातील शेतकऱ्यासारखाच. थोड्या जमिनीत अधिक दाणा पिकावा आणि पीक थंडीला व अवर्षणाला टिकावे, हा प्रश्न खानखोजे यांनी हाती घेतला.

मुलांनो, त्यांच्या कामाची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. मक्याच्या झाडाच्या शेंड्यावरील तुऱ्यात पराग असतात आणि कणसाच्या केसांवर ते पडले म्हणजे दाणे धरतात. संशोधक तुऱ्यावर व कणसावर कागदी पिशव्या बांधतो आणि आपल्याला हव्या त्या झाडाचे पराग हव्या त्या कणसावर टाकतो. यास संकर म्हणतात. संकरातून उगवलेली सर्व रोपे सारखी नसतात. काही एका गुणात सरस, काही दुसऱ्या. त्यांतील उत्तम रोपे राखावयाची, बाकीची सोडून द्यावयाची आणि राखलेल्यांचा पुन्हा संकर करावयाचा. खानखोजे यांनी मक्याचा संबंध टेओसिन्टे नावाच्या त्याच्या रानटी भावंडाशीही जोडून पाहिला. एक पिढी म्हणजे एक हंगाम. एखादी निवड चुकली, तर ते कळण्यास वर्ष लागे. अशा कामाला बुद्धीइतकाच धीरही लागतो.

या श्रमांतून मक्याच्या नव्या जाती तयार झाल्या. परंतु केवळ प्रयोगशेतात पीक डोलून शेतकऱ्याचे घर भरत नाही, हे खानखोजे जाणून होते. म्हणून त्यांनी खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातील एका भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. गरिबांच्या भाकरीसाठी झटणाऱ्या परदेशी माणसाचा याहून मोठा गौरव कोणता?

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. तथापि इंग्रजी अमलात काळ्या यादीत चढलेले खानखोजे यांचे नाव तसेच राहिले होते आणि ज्या देशासाठी त्यांनी घरदार सोडले, त्याच देशात येताना त्यांना अडचण सोसावी लागली. अखेर ती दूर झाली. १९४९ मध्ये ते मायभूमीस भेट देऊन गेले आणि पुढे नागपूर येथे स्थायिक झाले. जानेवारी १९६७ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

खानखोजे यांची पाटी म्हणजे शेत होते. आज हीच रीत शास्त्रज्ञ संगणकावर वापरतात. अमेरिकेतील जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात तिची मांडणी केली. एखाद्या कठीण प्रश्नाची पुष्कळ उत्तरे प्रथम वाटेल तशी तयार करावयाची; त्यांतील बरी निवडून त्यांचा आपसांत संकर करावयाचा; कोठे थोडा बदल करावयाचा आणि पुन्हा निवड करावयाची. शेतात ज्या शंभर पिढ्यांना शंभर हंगाम लागतील, त्या संगणकात पुष्कळदा क्षणांत सरतात. २००६ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या काही लहान उपग्रहांवरील अँटेना याच रीतीने घडविली होती. तिचा वेडावाकडा आकार कोणत्याही अभियंत्याने आधी कल्पिला नव्हता. तो निवडीतून उगवला होता.

मात्र कोणते कणीस चांगले, हे ठरविणारा माणूसच असतो. दाणा मोठा हवा, की दुष्काळात तग धरणारा? विकण्यास सोयीचा, की गरिबाच्या ताटात पडणारा? हे संगणक आपण होऊन सांगत नाही. खानखोजे यांनी आपली कसोटी आरंभीच निश्चित केली होती : भुकेल्याच्या घरी भाकर पोहोचली पाहिजे. लातूरसारख्या गावाला २०१६ मध्ये आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा आपल्या भागात कमी पाण्यावर तगणारे बियाणे शोधणाऱ्यास ती कसोटी आजही उपयोगी पडेल.