होशंगाबादचे राजचंद्र बोस



बोस म्हटले की आपल्याला जगदीशचंद्र, सत्येंद्रनाथ, नाहीतर थेट नेताजी आठवतात. आज आम्ही ज्या बोसांची ओळख करून देत आहोत ते यांपैकी कोणी नव्हेत, पण जन्माने आपल्या शेजारचे आहेत. राजचंद्र बोस यांचा जन्म 19 जून 1901 रोजी नर्मदाकाठी होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला झाला.

वडील डॉक्टर होते. बालपण रोहतकला गेले. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. पाच भावंडांत राजचंद्र थोरले. शिकवण्या करून घर सांभाळत ते दिल्लीच्या हिंदू कॉलेजात शिकले, 1924 मध्ये एम.ए. झाले. मग कलकत्त्याला जाऊन 1927 मध्ये शुद्ध गणितात दुसऱ्यांदा एम.ए. केले. आशुतोष कॉलेजात शिकवत असताना, 1932 च्या अखेरीस, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांना आपल्या नव्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बोलावले. सांख्यिकी हा विषय बोस तोवर शिकलेलेच नव्हते! ते भूमितीचे माणूस.

तिथे त्यांच्यापुढे शेतीचे प्रश्न आले. पाच जातींचे गहू पेरून कोणता सरस ते पाहायचे आहे, पण शेताचा एक कोपरा काळ्या मातीचा, दुसरा मुरमाड. तेव्हा वाफे असे मांडायचे की प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीत प्रत्येक जात एकदाच येईल. याला लॅटिन चौरस म्हणतात. बोसांनी अशा मांडण्या मर्यादित संख्यांच्या अंकगणितातून आणि भूमितीतून तयार करण्याच्या रीती शोधल्या. पीएच.डी. त्यांनी केलीच नव्हती. कलकत्ता विद्यापीठात विभागप्रमुख झाल्यावर छापून आलेले निबंधच सादर करून 1947 मध्ये त्यांनी डी.लिट. मिळवली. 1949 पासून ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात प्राध्यापक झाले.

आता आपल्या मराठी मंडळींना विशेष आनंद वाटेल अशी गोष्ट. तिथे त्यांच्याकडे पीएच.डी. करणाऱ्यांत शरदचंद्र शंकर श्रीखंडे होते, आपल्याच प्रदेशातल्या सागरचे. थोर गणिती ऑयलर यांनी 1782 मध्ये असा अंदाज मांडला होता की 6, 10, 14, 18 अशा आकारांचे दोन लॅटिन चौरस एकमेकांवर ठेवून प्रत्येक जोडी एकदाच येईल अशी मांडणी होऊच शकत नाही. 6 बाबत ते खरे ठरले. पण 1959 मध्ये बोस व श्रीखंडे यांनी 22 चा चौरस मांडून दाखवला, पार्कर यांनी 10 चा, आणि तिघांनी मिळून 6 च्या पुढे ऑयलर सर्वत्र चुकले हे सिद्ध केले. 26 एप्रिल 1959 च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी आली. गणिताची बातमी पहिल्या पानावर किती वेळा येते ते तुम्हीच सांगा.

पण ज्या कामाने बोस आपल्या खिशातल्या फोनपर्यंत पोहोचले ते 1960 चे. संदेश पाठवताना तो 0 व 1 या अंकांत मोडतात आणि रेडिओ लहरीवर चढवतात. अगदी साधी रीत घ्या : लहर सरळ आली तर 0, उलटी आली तर 1. याला मॉड्युलेशन म्हणतात. वाटेत गोंगाट मिसळतो आणि 1 चा 0 वाचला जातो. भोळा उपाय असा की प्रत्येक अंक तीनदा पाठवावा. म्हणजे 5 अंकांसाठी 15 पाठवायचे. तरीही एकाच अंकाच्या दोन प्रती बिघडल्या की निकाल चुकलाच. बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी त्याच मर्यादित अंकगणितातून वेगळी रीत काढली. 5 अंकांचे 32 संदेश होतात. त्यांना 15 अंकी 32 शब्द असे द्यायचे की कोणतेही दोन शब्द किमान 7 जागी वेगळे असतील. मग कोणतेही 3 अंक बिघडले तरी मूळ शब्दच सर्वांत जवळचा राहतो आणि चूक आपोआप सुधारते. खर्च तेवढाच, 15 अंकांचा! फ्रान्सचे ओकेंगेम यांनी 1959 मध्ये स्वतंत्रपणे हेच शोधले होते, म्हणून या रीतीला तिघांच्या आद्याक्षरांवरून बी.सी.एच. कोड म्हणतात.

सत्तराव्या वर्षी निवृत्त होऊन बोस कोलोरॅडोला गेले आणि तिथे 1980 पर्यंत शिकवत राहिले. 31 ऑक्टोबर 1987 रोजी ते वारले. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागप्रमुख झाले आणि 2020 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी गेले.

छप्पन दुकानला पैसे देताना जो क्यूआर कोड आपण फोनला दाखवतो, त्याच्या कोपऱ्यातल्या मोठ्या चौकटींलगत 15 बारीक चौकोन असतात. हा कोड कसा वाचायचा ते फोनला त्यांतून कळते. त्यांत 5 माहितीचे, 10 राखणीचे. चटणीच्या बोटाने त्यांतले 3 पुसले गेले तरी फोन ते बरोबर वाचतो.