ना. म. जोशी आणि १९२८ चा गिरणी संप

नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) हे कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. भारत सेवक समाजाच्या या सभासदाने १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे, असा ठराव त्यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. कायदा होण्यास १९२६ उजाडले.

संप हे जोशींच्या दृष्टीने अखेरचे साधन होते. पण मुंबईच्या गिरणीमालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली विणकराकडे दोनऐवजी तीन माग सोपविण्यास सुरुवात केली. म्हणजे दर तीन विणकरांमागे एक बेकार! वेतनकपातीची भीती होतीच. एप्रिल १९२८ पासून सुमारे दीड लाख कामगार संपात उतरले. सार्वत्रिक संपास आरंभी अनुकूल नसलेले जोशी डांगे आदी साम्यवाद्यांसह संयुक्त संप समितीत बसले. हा निर्णय त्यांच्या स्वभावाच्या विरुद्ध होता. म्हणूनच तो महत्त्वाचा वाटतो.

या संपाची झळ कोकणापर्यंत पोहोचली. मालवण तालुक्यातील धामापूरसारख्या गावांना मुंबईच्या मनीऑर्डरीचा आधार असे. तो तुटला, शिवाय पुष्कळ चाकरमानी घरी परतल्याने खाणारी तोंडे वाढली. तरीही संप सहा महिने टिकला, तो बऱ्याच अंशी गावाकडच्या भातशेतीच्या बळावर.

चौकशीच्या अटीवर ऑक्टोबरात संप मिटला. फॉसेट समितीने १९२९ मध्ये मालकांच्या योजनेस तत्त्वतः मान्यता दिली. त्याच वर्षी नागपूर अधिवेशनात साम्यवाद्यांशी मतभेद होऊन जोशी, ज्या ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, तिच्यातून बाहेर पडले.