अर्पण कोणाच्या घामाचे?



मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात प्रभू येशू शास्त्री व परुशी यांची कानउघाडणी करतो. पुदिना, बडीशेप आणि जिरे यांचाही दशांश ते मोजून देत. पण न्याय, दया आणि विश्वास यांकडे दुर्लक्ष करीत. हा उतारा ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा शेजारी येतो. फादर बार्तोलोमे दे लास कासास यांना मात्र धर्मशास्त्र वाचताना स्वतःचाच चेहरा दिसला.

त्यांचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल येथे झाला. १५०२ साली ते कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर आले. तेथील मूळ रहिवासी सरकारकडून स्पॅनिश लोकांना नेमून दिले जात. त्यांना ख्रिस्ती शिकवण द्यावी, असे कागदावर होते. प्रत्यक्षात सोन्याच्या खाणीत आणि शेतात त्यांना मरेस्तोवर राबवले जाई. बार्तोलोमे धर्मगुरू झाले, तरी त्यांच्याकडेही अशी माणसे होती. १५११ च्या आगमनकाळात फादर अंतोनियो दे मोन्तेसिनोस या डोमिनिकन धर्मगुरूने या अन्यायाविरुद्ध खणखणीत प्रवचन दिले. पुढे एका डोमिनिकन धर्मगुरूने बार्तोलोमे यांचे पापनिवेदन ऐकण्यास नकार दिला. त्यांनी वाद घातला, पण माणसे सोडली नाहीत.

१५१४ साली क्यूबामध्ये पेंटेकॉस्टच्या सणाचे प्रवचन तयार करताना बेनसिराच्या पुस्तकाचा ३४ वा अध्याय त्यांच्यासमोर आला. अन्यायाने मिळवलेले अर्पण देव स्वीकारत नाही. मजुराची मजुरी बुडवणे म्हणजे त्याचे रक्त सांडणे, असे तेथे सांगितले आहे. काही दिवस ते विचार करीत राहिले. मग गव्हर्नरकडे जाऊन त्यांनी आपल्याकडची सर्व माणसे सोडून दिली आणि १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणी, ते लोकांसमोर जाहीर केले.

पुढची पन्नास वर्षे ते याच कामासाठी झटले. ते डोमिनिकन संघात गेले. त्यांच्या प्रयत्नांमुळे १५४२ साली मूळ रहिवाशांच्या रक्षणाचे नवे कायदे झाले. मेक्सिकोतील चियापासचे बिशप झाल्यावर, गुलाम न सोडणाऱ्यांना पापक्षमा देऊ नये, अशी आज्ञा त्यांनी केली. एकेकाळी ज्या नियमावर त्यांनी वाद घातला, तोच त्यांनी लागू केला. वसाहतवाले इतके खवळले की १५४७ साली त्यांना स्पेनला परतावे लागले. १५६६ साली माद्रिद येथे ते निधन पावले.

ते निर्दोष नव्हते. मूळ रहिवाशांना वाचवण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असे त्यांनी सुरुवातीला सुचवले होते. तोही तितकाच घोर अन्याय होता, हे पुढे त्यांनी पश्चात्तापाने लिहून ठेवले. एकदा डोळे उघडले म्हणजे सारे दिसू लागते, असे नाही.

मी स्वतः धर्मगुरू आहे, म्हणून ही गोष्ट मला जास्त टोचते. ते रोज मिस्सा अर्पण करू शकत होते आणि माणसेही राबवू शकत होते. दोन्ही एकाच हातांनी!

आपल्या घरी भांडी घासणारी बाई, बांधकामावरचा गवंडी, वाडीत राबणारा मजूर यांचे पैसे आपल्याकडे अडकले आहेत का? असतील, तर वेदीवरचे अर्पण थोडे थांबू शकते. त्यांची मजुरी थांबू शकत नाही.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू